तीन पाटांवरची दुर्बीण

लग्नात नवरा-नवरीला ध्रुव दाखवताना गुरुजी नेमकं कुठे बोट करतात, हे माझ्याइतक्या वेळा कोणी पाहिलं नसेल. अमरावतीला माझं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान, आणि सीझनमध्ये लग्नाची शूटिंग. मुहूर्त बहुतेक दिवसाचे. डोक्यावर मांडव, मांडवाखाली पंखा. गुरुजी म्हणायचे, "ध्रुव पाहा," आणि बोट वर करायचे. नवरी पंख्याकडे पाहायची, नवरा नवरीकडे पाहायचा, आणि मी कॅमेरा घेऊन त्या बोटाच्या मागे. एका मंगल कार्यालयात ध्रुव स्टेजच्या मागे असायचा, दुसऱ्यात जेवणाच्या हॉलकडे. मला त्याचं काही वाटायचं नाही. फोकस बरोबर आहे ना, एवढंच माझं काम.

अशी उमर गेल्यावर खरा ध्रुव शोधून द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. हसू नका. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या गच्चीवर दुर्बीण आहे, त्या बहुतेकांनी मला कधी ना कधी बोलावलेलं आहे. काही जण तर दुर्बीण विकत घ्यायच्या आधीच बोलावतात, म्हणजे गच्ची पाहून जा म्हणून, जशी मुलगी पाहायला जातात तशी.

झालं असं, की मोबाईल आले आणि माझे दोन्ही धंदे एकाच वेळी बसले. रीळवाले कॅमेरे लोक दुकानात ठेवून गेले ते न्यायलाच आले नाहीत. काचेच्या कपाटात मेलेले कॅमेरे मांडून मी दिवसभर बसायचो, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "टफन ग्लास बसवता काय?" फार जिवावर यायचं. पण एक गोष्ट मला माहीत होती. कॅमेरा मेला तरी त्याची लेन्स मरत नाही. बुरशी पुसली की ती पुन्हा लख्ख पाहते.

असाच बसलेला असताना आमच्या गल्लीतले वकीलसाहेब रिक्षात दुर्बीण घालून आले. अमेरिकेतल्या पुतण्याने येताना आणलेली. साहेबांनी कोर्ट सोडलं होतं, पण आवाज अजून कोर्टातलाच.

"विजूभाऊ, वस्तू सदोष आहे. तारा दिसतो आणि पळून जातो."

"तारा नाही पळत जी. तुमची गच्ची पळून राहिली."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. दुर्बीण ज्या बैठकीवर बसते तिला माउंट म्हणतात. त्यात एक दांडा असतो आणि एक मोटर. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश सरकताना दिसतं. पृथ्वीचा आस आकाशात जिथे रोखलेला आहे, तिथेच माउंटचा दांडा रोखला, तर मोटर पृथ्वीच्या उलट हळूहळू फिरते आणि तारा खिळा ठोकल्यासारखा जागेवर थांबतो. दांडा जरासा वाकडा असेल, तर तारा सरकत सरकत चौकटीबाहेर जातो. सगळी मेहनत त्या दांड्याची. ती जागा ध्रुवाच्या अगदी शेजारी आहे, म्हणून ध्रुव महत्त्वाचा.

आता हा ध्रुव प्रत्येक गावात वेगळ्या उंचीवर. पुतण्याच्या गावी तो दोन वीत उंच. आमच्या वऱ्हाडात एक वीत. हात समोर लांब करा, करंगळी क्षितिजाला टेकवा, पंजा ताणून पसरा. अंगठ्याचं टोक येईल तिथे आमचा ध्रुव. साहेब वर पाहत होते आणि ध्रुव खाली, पाण्याच्या टाकीच्या आडून डोकावत होता. माउंट अमरावतीला आलं होतं, दांडा मात्र अजून अमेरिकेतच होता.

त्या संध्याकाळी साहेबांच्या गच्चीवर परतवाड्याचे गुरुजी पण होते, त्यांच्या घरच्या पूजेला आलेले. हे तेच गुरुजी, ज्यांच्या बोटामागे मी सगळ्यात जास्त कॅमेरा फिरवला. मी दांडा रोखत रोखत सांगून गेलो, की नेमकी जागा ध्रुवावर नाही, थोडी बाजूला आहे. पौर्णिमेचा चंद्र मध्ये ठेवला तर एक चंद्र आणि वर थोडं, एवढी. ध्रुवसुद्धा त्या जागेभोवती छोटा फेरा मारतो.

गुरुजींनी ध्रुवाकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे ध्रुवही हलतो?"

"थोडासा."

"किती लग्नं लावली हो मी त्याच्या भरवशावर." मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "विजूभाऊ, हे मांडवात नका बोलजा."

ध्रुव हलतो, म्हणूनच नुसत्या डोळ्याने त्यावर दांडा रोखून भागत नाही. कंपास तर विसराच. आमच्याकडे पुढचा मजला बांधू म्हणून गच्चीवर कॉलमच्या सळया उभ्या सोडलेल्या असतात. त्या मजल्याचा पत्ता नसतो, पोरं मोठी होऊन पुण्याला जातात, सळया गंजत उभ्या. त्यांच्याजवळ कंपास नेला की उत्तर दिशा शेजाऱ्याच्या कूलरमध्ये जाते.

यावर मी जे जुगाड केलं त्याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं वयही आता राहिलं नाही. बंद पडलेल्या सीसीटीव्हीतली चित्र टिपणारी सेन्सरची पाटी काढली. रात्री पाहायची सवय तिला आधीपासूनच. तिच्यापुढे माझ्या कपाटातल्या एका मेलेल्या कॅमेऱ्याची लांब लेन्स लावली. दोघांना एका प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपात बसवलं, आतून काळा रंग दिला, बाहेरून तीन स्क्रू. हा कॅमेरा दुर्बिणीच्या अंगावर बांधायचा आणि ध्रुवाच्या बाजूला तोंड करायचं. एक फोटो काढायचा. मग माउंटचा दांडा पाव फेरा फिरवायचा आणि दुसरा फोटो. तुमच्या डोक्यावरच्या पंख्याच्या पात्यांवर खडूचे ठिपके दिले, तर पंखा फिरवल्यावर सगळे ठिपके हलतील, पण मधली जागा हलणार नाही. तसंच इथे. दोन फोटोंत सगळे तारे ज्या जागेभोवती फिरले, तिथे आपला दांडा रोखलेला आहे. लॅपटॉप तिथे लाल टिंब टाकतो. पृथ्वीचा आस कुठे आहे, ते ताऱ्यांवरून ओळखून हिरवं टिंब टाकतो. मग माउंटचे दोन स्क्रू, एक वर-खाली, एक डावी-उजवी. ते पिळत पिळत लाल टिंब हिरव्यावर नेऊन बसवायचं. झालं.

साहेबांनी पहिल्यांदा हा पाइप पाहिला तेव्हा म्हणाले, "हे नळाचं काम दिसतं." पण त्याच पाइपाने त्यांचा शनी चौकटीत ठेवला, आणि तेव्हापासून साहेब माझे वकील झाले. जो भेटेल त्याला माझं नाव सांगायचे. त्यांनीच अकोल्याच्या इंगळे मॅडमना सांगितलं.

मॅडम अकोल्याजवळच्या एका खेड्यात शाळेत विज्ञान शिकवतात. आईने कापसाच्या जिनिंगमध्ये काम करून शिकवलेली मुलगी. बोलणं कमी, पण एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की सोडत नाही. त्यांनी मनात घेतलेली गोष्ट अशी होती. कधी कधी एखादा लघुग्रह, म्हणजे आकाशात फिरणारा मोठा दगड, एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोरून जातो आणि तारा काही क्षण विझतो. त्याची सावली जमिनीवर पट्ट्यासारखी पडते. त्या पट्ट्यात तुमची गच्ची असेल तरच तुम्हाला दिसणार. किती वेळ तारा विझला, ते वेळेसकट टिपलं तर त्या दगडाचा आकार कळतो. ठिकठिकाणचे लोक आपापल्या गच्चीवरून हे टिपतात आणि सगळ्यांचं मिळून गणित होतं.

मॅडमनी शाळेत मुलांना सांगितलं होतं, की अमुक तारखेला अकोल्यावरून एक तारा विझणार. फळ्यावर तारीख लिहिली. हिवाळ्यातली गोष्ट. त्यांनी कंपास लावून माउंट मांडलं, शेजारी कॉलमच्या सळया. तारा सापडला, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि तारा चौकटीतून निघून गेला. रिमोटने ओढून परत आणेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. दुसऱ्या वेळी तारीख लिहिली तर आभाळ भरून आलं. मग हेडमास्तर रोज स्टाफरूममध्ये विचारायला लागले, "मॅडम, तुमचा तारा सापडला काय? नाई तं पोलिसात रिपोर्ट देऊन टाका." सगळे हसायचे. मुलं घरी जाऊन सांगायची. गावात बाया विचारायच्या, काय वं, मॅडमचा तारा पळाला म्हन्ते?

मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "भाऊ, मले हसतात त्याचं काही नाही. पण पोरं आता माझी तारीख वहीत उतरवत नाहीत. मी उद्या सांगितलं की पृथ्वी गोल आहे, तरी ते एकमेकांकडे पाहून हसतील. या वेळेस चुकलं तर मी पुन्हा सांगणार नाही."

आता मला सांगा, यावर नाही म्हणणारा माणूस कोण?

एप्रिल महिना, सकाळची शाळा सुरू झालेली. तारा विझायचा होता रात्री जेवणाच्या वेळेला. मी पाइप पिशवीत घालून बडनेऱ्याहून दुपारच्या गाडीने अकोल्याला उतरलो. अकोल्याचं ऊन ज्याने खाल्लं नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याने खाल्लं त्याला सांगायची गरज नाही. वकीलसाहेब मूर्तिजापूरला त्यांच्या मेव्हण्याच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन गेले होते. सावलीच्या पट्ट्याची कड तिकडून जाते असा अंदाज होता.

मॅडमची गच्ची पाहून मी खूश झालो. मागच्या पावसाळ्यात छत गळलं म्हणून त्यांनी मी यायच्या आठवड्यातच पूर्ण गच्चीवर काळी डांबरशीट टाकून घेतली होती. एकदम सपाट. म्हटलं, वा, खड्डा नाही, उंचवटा नाही, दुर्बिणीची तिवई कशी छान बसेल. बसवली.

सूर्य मावळला, ध्रुव टिमटिमला तसं मी काम सुरू केलं. पहिला फोटो, पाव फेरा, दुसरा फोटो, स्क्रू. माझा हात आता बसलेला आहे. चहा यायच्या आत लाल टिंब हिरव्यावर जाऊन बसलं. मॅडमनी दुर्बीण त्या ताऱ्याकडे वळवली, मागे लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यातून तो लॅपटॉपवर आला. बारीकसा तारा, चौकटीच्या मध्यावर. मॅडमच्या आईंची संध्याकाळची वंदना आटोपली होती, त्या खुर्ची घेऊन वर येऊन बसल्या. मी चहा घेतला, मिशी पुसली, आणि मोठेपणाने म्हटलं, "मॅडम, आता हा सकाळपर्यंत हलत नाही."

मॅडम पडद्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हलून राहिला."

मी पाहिलं. तारा खाली सरकत होता. हळू, पण सरकत होता. म्हटलं स्क्रू ढिला असेल. आवळला. पुन्हा सरकला. पाइपातल्या कॅमेऱ्याने ध्रुवाकडे पाहिलं, तर लाल टिंब हिरव्याला सोडून चाललेलं. मोटर तपासली, मोटर बरोबर. केबल ओढतेय का पाहिलं, नाही. एवढ्या गच्च्यांवर हा पाइप घेऊन फिरलो, पण बसवलेला दांडा डोळ्यादेखत वाकडा होताना कधी पाहिला नव्हता. मॅडम घड्याळाकडे पाहत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती वेळ आहे?"

"अर्धा तास नाही भाऊ."

मी दुसऱ्या बाजूने पाहायला निघालो आणि निघालोच नाही. म्हणजे मी निघालो, चप्पल तिथेच राहिली. डांबराला चिकटली होती. ओढून काढली तर खाली माझ्या टाचेचा अख्खा छाप.

टॉर्च तिवईच्या पायांवर मारला. तिन्ही पायांची लोखंडी टोकं शीटमध्ये रुतलेली, आणि जो पाय दुर्बिणीच्या वजनाखाली होता तो सगळ्यात जास्त. दिवसभर तापलेली गच्ची, त्यावर नवं कोरं डांबर, त्यावर माझी तिवई. ती गरम शिऱ्यात चमचा रुतावा तशी आरामात खाली चालली होती.

"मॅडम, गच्चीच पघळून राहिली."

दुसरी जागा शोधावी तर पूर्ण गच्चीवर तीच शीट. खाली अंगण नाही, रस्त्यावर दिवे. आईंनी टॉर्चच्या उजेडात वाकून पाहिलं.

"पायाखाली काही तरी रुंद पाह्यजे ना भाऊ?"

"हो ताई. फरशी, फळी, काहीही. तीन."

त्या खाली गेल्या आणि पाट घेऊन आल्या. लाकडी, जाडजूड, घरात जेवायला बसायचे ते. दोन एकावर एक डोक्यावर, एक काखेत. धापा टाकत म्हणाल्या, "जावयासाठी घेऊन ठेवले होते. ही लग्न करत नाही, तारेच पाहते. बसवा आता हिच्या पाव्हण्याले."

"आई," मॅडम म्हणाल्या.

"काय आई? खोटं बोलून राहिले काय मी?"

हसायला वेळ नव्हता, तरी मी हसलो. मी आणि मॅडमनी तिवई उचलली. डांबराने पाय सोडताना केवढा चिवटपणा केला. तीन पायांखाली तीन पाट मांडले, पंगतीत मांडतात तसे. वजन पसरलं. पण उचलल्यावर आधीचं सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

पहिला फोटो. ध्रुव चौकटीतच नाही. तिवई आडवी फिरवली, वीत मोजून अंदाजाने दांडा वर-खाली केला, ध्रुव आला. फोटो. पाव फेरा. फोटो. लाल टिंब हिरव्यापासून कुठच्या कुठे. स्क्रू पिळला, जास्त पिळला गेला, मागे घेतला. मूर्तिजापूरहून वकीलसाहेबांचा फोन वाजत होता, आईंनी उचलला. त्या म्हणाल्या, "भाऊ कामात हाये, मंग करजा," आणि ठेवून दिला. अमरावतीच्या कोर्टात साहेबांचं बोलणं असं कोणी तोडलं नसेल.

लाल टिंब हिरव्यावर गेलं. मी हात काढले आणि श्वास धरून पाहत बसलो. हलत नव्हतं. पाटांनी धरलं होतं.

"मॅडम, लावा तारा."

मॅडमनी दुर्बीण वळवली. पडद्यावर ताऱ्यांचा सडा, त्यात आपला कोणता? त्यांनी नकाशाशी ताडून पाहिलं, एक आकडा बदलला, पुन्हा पाहिलं. मग बोट पडद्यावर ठेवलं. रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ पळत होती, सेकंदाच्या बारीक भागांसकट. कोणी गच्चीवर पाय हलवायचा नाही, असं मी सांगितलं. आम्ही तिघं आपापल्या जागी उभे, चपला चिकटत होत्या तरी.

तारा होता. होता. होता. आणि मग नव्हता.

मिणमिणला नाही, अंधुक झाला नाही. कोणी बटण बंद करावं तसा गेला. बाजूचे सगळे तारे जागच्या जागी, आणि मध्ये आमची रिकामी जागा. तेवढ्यात मला मेल्यासारखं वाटलं, की गेला का काय चौकटीबाहेर. पण नाही, बाकीचे हलले नव्हते. चौकट हलली नव्हती. मग तारा परत आला, तसाच, काही झालंच नाही असा.

मॅडमनी रेकॉर्डिंग आणखी थोडं चालू ठेवलं, नियम आहे तसा. मग बंद केलं, आणि दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसल्या, त्या डांबरावरच. आईंनी विचारलं, "आला काय वं तुहा तारा?" त्यांनी नुसती मान हलवली. माझेही डोळे भरून आले होते. लग्नात मुलीच्या पाठवणीला मी कधी रडलो नाही, कॅमेरा हातात असायचा. त्या दिवशी हात रिकामे होते.

वकीलसाहेबांना मीच फोन लावला. आवाज पडलेला. "विजूभाऊ, इकडे तारा विझलाच नाही. अख्खा वेळ चालू होता. फुकट आलो."

"साहेब, तारा चौकटीत होता ना पूर्ण वेळ?"

"होता. रेकॉर्ड केलं आहे."

"मग सावली मूर्तिजापूरपर्यंत पोचली नाही, हा तुमचा पुरावा. अकोल्याला पोचली, हा मॅडमचा. त्या दगडाची कड दोघांच्या मध्ये."

साहेबांनी घसा खाकरला. मग कोर्टातला आवाज परत आला. "म्हणजे माझी साक्ष ग्राह्य आहे."

"एकदम ग्राह्य."

मॅडमनी सगळं ते गणित करणाऱ्यांकडे पाठवलं आणि उत्तर आलं, की त्या पट्ट्यात इतर ठिकाणी धूळ आणि ढग, तारा विझताना टिपलेला फक्त अकोल्याच्या एका गच्चीवरून. ते उत्तर मॅडमनी मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, अजून एकदा वाचा. त्यांनी वाचलं.

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमबरोबर शाळेत गेलो, मला राहवलं नाही म्हणून. वर्गात टीव्ही होता. हेडमास्तर पण येऊन दारात उभे राहिले, हाताची घडी घालून. मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं आणि सांगितलं, "मधला पाहा." मुलं कुजबुजत होती, एक-दोन खाली मान घालून हसत पण होती. तारा गेला. वर्ग गप्प. तारा आला, आणि सगळ्या वर्गाने एकदम श्वास सोडला. मग, "मॅडम, पुन्हा लावा," "मॅडम, पुन्हा." मॅडमनी किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. दर वेळी तारा जायचा आणि दर वेळी पोरं तशीच गप्प व्हायची.

शेवटी मॅडमनी टीव्ही बंद केला. खडू घेतला आणि फळ्यावर पुढच्या ताऱ्याची तारीख लिहिली. मी वर्गाकडे पाहत होतो. वह्या उघडल्या. सगळ्या. कोणी कोणाकडे पाहून हसलं नाही.

हेडमास्तरांनी हाताची घडी सोडली, खिशातून चष्मा काढून लावला, फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, किती वाजता?"